आजच वाढवा, हयगय नको

माझी नात जेवताना मोबाइल वाचत बसते आणि मधूनच मला ऐकवते. परवा म्हणाली, "आजी, मातीतल्या एका जंतूपासून नवीन औषध मिळालंय म्हणे." मग गणितातलं कसलंसं जुनं कोडं कंप्युटरने सोडवलं ते ऐकवलं, मग ताऱ्यांचं काहीतरी. मी म्हटलं, "असल्या बातम्या मला बिवलकर सांगायचा."

"कोण बिवलकर?"

"एक दुष्ट माणूस."

ती वाट बघत राहिली, पण भात निवत होता म्हणून मी पुढे सांगितलं नाही. आता सांगते.

माणूस मेला की लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलायला लागतात. बिवलकरला मरून पुष्कळ वर्षं झाली, तरी माझ्या लेखी तो अजून चांगला झालेला नाही. जिवंत होता तेव्हा मी त्याला अहो डॉक्टर म्हणत होते, कारण मला पोट होतं. आता अरे-तुरे करते.

परळला जंतूंवर काम करणारी एक संस्था होती. तिथे धुण्याच्या खोलीत मी लागले तेव्हा नुकतं लग्न झालेलं. शिक्षण चौथी. नवरा गिरणीत, घर लालबागला चाळीत. आम्ही काचेच्या नळ्या, बशा, फ्लास्क धुवायचो, म्हणून आम्हाला सगळे काचवाल्या म्हणत. खोलीत आम्ही तिघी. सगळ्यांत जुनी सरूबाई, मालवणकडची, विधवा. दुसरी सोनाबाई, लोअर परळच्या चाळीतली, तिच्या घरच्यांनी पुढे बुद्धधर्म घेतला. तिसरी मी, इंदू.

पण ही नावं तिथला संशोधक बिवलकर घेत नसे. तो आम्हाला जंतूंच्या नावांनी हाक मारायचा. मी बुटकी, गोल, म्हणून मी कॉकस. सोनाबाई उंच, काठीसारखी, ती बॅसिलस. सरूबाई कायम विटक्या लुगड्यात असायची, म्हणून ती बुरशी. "बुरशी, नळ्या कुठायत?" असं तो व्हरांड्यातून ओरडायचा आणि ती "हय आसत, सायबानू" म्हणून उत्तर द्यायची. विधवा बाईला बुरशी म्हणताना त्याची जीभ कधी अडखळली नाही.

दिसायला किडकिडीत, मान लांब, कोट इस्त्रीचा. राहायला शिवाजी पार्कला. नळ कोपराने उघडायचा आणि कोपरानेच बंद करायचा. दुपारी टेबलावर एकटा बसून दहीभात खायचा. सोनाबाईने एकदा विचारलं, "डॉक्टर, दह्यात जंतू नसतात का?" तर म्हणाला, "असतात. पण ते माझ्या ओळखीचे असतात. तुझ्या हातावरचे नाहीत."

दर शनिवारी चहाच्या वेळी तो आमच्या दारात उभा राहायचा, काखेत परदेशातली मासिकं. जगात काय नवीन शोध लागले ते आम्हाला मराठीतून सांगायचा. आम्हाला शहाणं करावं म्हणून नव्हे. मराठीतून सांगता येतं का, हे त्याला तपासायचं होतं, आणि तपासायला त्याला सर्वांत मठ्ठ माणसं हवी होती. असं तो आमच्या तोंडावर सांगायचा.

एकदा म्हणाला, "सृष्टीला डावं-उजवं कळतं, हे सिद्ध झालंय. आजवर सगळे समजत होते की तिला दोन्ही बाजू सारख्याच. मोठमोठ्यांची तोंडं पडलीत." मग सरूबाईकडे वळून, "आणि बुरशी, तुला अजून गरम पाण्याचा नळ डावीकडचा की उजवीकडचा, ते कळत नाही."

एकदा गणिताची बातमी आणली. चेंडू न फाडता, न दुमडता आतून बाहेर उलटता येतो असं कुणीतरी सिद्ध केलं होतं. म्हणे तो स्वतःमधून आरपार जाऊ शकतो असं धरायचं. मी म्हटलं, "म्हणजे उशीची खोळ उलटतो तसा?"

"खोळीला तोंड असतं, कॉकस. तुला आहे तसंच. चेंडूला नसतं."

हिशेब करणाऱ्या यंत्राबद्दल सांगितलं की त्याला एक आणि शून्य एवढंच येतं, तरी ते आपल्यापेक्षा कमी चुकतं. 'आपल्या' म्हणताना बोट आमच्याकडे. आणि जंतूंबद्दल सांगितलं की औषधाला पुरून उरायची युक्ती एक जंतू दुसऱ्या जंतूला देतो, नुसता चिकटून. "शाळा नाही, मास्तर नाही. आणि मी इतकी वर्षं तुमच्या दारात उभा आहे."

सांगायचा मात्र चांगलं. दुष्ट माणसाला चांगलं सांगता येत नाही असं थोडंच आहे? तो चेंडू अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

एकदा बाहेरून कुणी पाहुणे येणार होते. त्याने आम्हा तिघींना ओळीने उभं करून जेलीच्या बशीवर बोटं टेकवायला लावली. जेली म्हणजे जंतूंचं खाणं. दोन दिवस बशा उबेत ठेवल्या. पाहुणे आले तेव्हा बशांवर पांढरे-पिवळे ठिपके भरभरून उगवले होते. पाहुण्यांना म्हणाला, "हे या बायकांचे हात. याच हातांनी या घरी भाकऱ्या थापतात." पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला. बशांवर झाकणं होती, वास येत नव्हता, तरी लावला.

पाहुणे गेल्यावर सरूबाई बशांपाशी गेली. तिला जाणून घ्यायचं होतं की तिची बशी कुठली आणि सोनाबाईची कुठली. तिघींच्या सारख्याच दिसत होत्या. तिने विचारलंच, "सायबानू, ह्यातली सोनाची खयची?"

बिवलकर हसला. "का? तिची जास्त घाण असायला हवी होती ना? जंतूला जात कळत नाही, बुरशी. तुला कळते. मग मागासलेलं कोण, तू की जंतू?"

सरूबाईचं तोंड एवढंसं झालं. सोनाबाई मात्र हसली नाही. मला नंतर म्हणाली, "तो माझ्या बाजूने बोलला असं समजू नकोस, इंदू. त्याला फक्त टोचायला जागा मिळाली." आणि खरंच, त्याचा स्वतःचा चहा सोनाबाईच्या हातून तो कधी घेत नसे. चहा मी न्यायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

बांगडी फुटली की आपण बायका 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. नारळसुद्धा आपण वाढवतो. सरूबाईने हीच रीत धुण्याच्या खोलीत आणली होती. काच हातातून निसटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. मी पहिल्याच दिवशी एक नळी फोडली आणि 'फुटली गं' म्हणाले, तर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. "तोंड आसा की गटार? वाढली म्हण."

एक दिवस तिच्याच हातून मोठा फ्लास्क पडला. बिवलकर दारातच होता. ती म्हणाली, "सायबानू, फ्लास्क वाढलो."

"वाढला? केवढा वाढला? दाखव बघू."

ती तुकडे वेचायला वाकली. त्याला खेळ मिळाला. "फुटला म्हण."

"तसा म्हणूचा नसता, सायबानू."

"का? अजून फुटेल? एकदा फुटलेलं पुन्हा काय फुटणार? तुझा नवरा गेला तेव्हा काय म्हणालीस? मेला म्हणालीस की वाढला?"

पाण्याचा नळ वाहत होता. सरूबाईने तो बंद केला आणि म्हणाली, "मेलो."

"मग फ्लास्क?"

"फुटलो."

"शाब्बास. आता कॉकस, तू म्हण." त्याने आम्हा तिघींकडून एकेकदा म्हणवून घेतलं आणि मगच गेला. पुढे कितीतरी दिवस येता-जाता विचारायचा, "काय बुरशी, आज काय काय वाढलं?"

म्हणजे तो शब्द त्याला ठाऊक होता. हे लक्षात ठेवा.

याच वर्षांत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. आमच्या चाळीतली पोरं लाठ्या खाऊन यायची. गिरण्या बंद, दुकानं बंद. बिवलकर शिवाजी पार्कच्या सभांना रुमाल अंथरून बसायचा आणि घोषणा द्यायचा. एकदा ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. तो आठवडा आमचा फार सुखाचा गेला.

घसा सुटला तेव्हा त्याने जाहीर केलं की राज्य मराठी होणार, तर शास्त्रही मराठी झालं पाहिजे. मग त्याने सगळ्या वस्तूंची नावं बदलायला घेतली. जंतूंना उबेत ठेवायच्या कपाटाला उबवणी. काच निर्जंतुक करायच्या वाफेच्या भांड्याला वाफभट्टी. पेट्री डिशला झाकणबशी. गंमत अशी की इंग्रजी नावं आम्हाला येत होती. डिश म्हटलं की डिश आणून देत होतो. झाकणबशी म्हटल्यावर सोनाबाईने पहिल्या दिवशी त्याला चहाची बशी नेऊन दिली. आणि जंतूंना जुन्या जेलीवरून नव्या जेलीवर नेऊन जिवंत ठेवायचं, त्याला इंग्रजीत लांबलचक नाव होतं. त्याला तो म्हणायला लागला 'वाढवणं'.

त्याच सुमारास त्याला तो जंतू सापडला.

लोअर परळच्या एका गिरणीच्या भिंतीबाहेर गरम पाण्याचं गटार होतं. तिथला चिखल त्याने आणला होता. त्यातल्या एका जंतूभोवती बशीत मोकळं कडं पडायचं, आणि कड्यातले बाकीचे सगळे जंतू मेलेले. ज्यांच्यावर पेनिसिलीन चालेनासं झालं होतं तेसुद्धा. तो बशी घेऊन धावत आमच्या खोलीत आला. दुसरं कुणी जवळ नव्हतं म्हणून आला असेल. बशी उजेडात धरली. आम्ही तिघींनी पाहिलं. सरूबाई म्हणाली, "चंद्राक पडता तसा खळां."

"खळं!" तो म्हणाला. "हाच शब्द. खळं!" आणि तोच शब्द त्याने आपल्या निबंधात घातला. त्या दिवशी तो आम्हाला नावं ठेवायला विसरला. दुसऱ्या दिवशी आठवण झाली.

तो जंतू त्याने कुणाला दिला नाही. मोठे साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, मराठी नव्हते. त्यांनी दोनदा सांगितलं, एक नळी थंड खोलीत ठेवा, एक दुसरीकडे पाठवा, काही बरंवाईट झालं तर असावी. तो म्हणाला, "माझं पोर मी दुसऱ्याच्या घरी झोपवत नाही." पोरबाळ त्याला नव्हतं. हाताखाली प्रधान नावाचा पदवीधर होता, त्यालाही कपाटाची किल्ली नाही. प्रधानला तो एकदा सगळ्यांसमोर 'नक्कल करून पास झालेला' म्हणाला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, काम चिठ्ठ्यांवर चालायचं. सगळ्या नळ्या एका स्टँडमध्ये, स्टँड एका कपाटात. जेली जुनी झाली की तो स्वतः वाढवायचा.

राज्य होणार हे ठरलं. एक मेची तयारी सुरू झाली. त्या दिवसांत मराठीतून शास्त्राची एक सभा भरणार होती आणि त्यात बिवलकर आपला शोध वाचणार होता. बैठका, छापखाना, त्याची नुसती पळापळ. अशाच एका दुपारी त्याला बोलावणं आलं. नळ्या वाढवायची वेळ झालेली, प्रधान जेवायला गेलेला. बिवलकरने स्टँड कपाटातून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्या कट्ट्याच्या पलीकडे प्रधानची खोली, अलीकडे आमची. टाकायची काच आमच्याकडे त्याच कट्ट्यावरून यायची. स्टँडला त्याने प्रधानसाठी चिठ्ठी लावली, मोठ्या मराठी अक्षरात:

आजच वाढवा. हयगय नको.

सरूबाईला अक्षरं जोडून वाचता यायचं. तिने हयगय केली नाही. नियम असा होता की जिवंत जंतूंची काच आधी वाफेत मारायची, मग फोडायची. तिने स्टँड उचलला, वाफभट्टीत लावला. निवल्यावर एकेक नळी टाकायच्या काचेच्या डब्यात फोडली. मी नळावर होते. काचेचा आवाज आला, पण तो तिथे दिवसभर यायचाच.

बिवलकर संध्याकाळी परत आला. आधी प्रधानकडे गेला, मग आमच्याकडे.

"स्टँड कुठाय?"

"धुवन ठेवलंय, सायबानू."

"नळ्या?"

सरूबाईने चिठ्ठी पुढे केली. "वाढवा म्हणान लिवलास. वाढवलंय."

त्याने हात उगारला. उगारलेला हात तसाच राहिला. मग तो खाली बसला, डबा फरशीवर ओतला आणि तुकडे उचलून बघू लागला. बोटं कापली. सोनाबाई म्हणाली, "डॉक्टर, हाताला लागतंय." त्याला ऐकू गेलं नाही. एकेक तुकडा तो नव्या जेलीवर टेकवत होता. वाफेतून काही जिवंत बाहेर येत नाही, हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं. सरूबाई केरसुणी घेऊन आली आणि त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"उठा, सायबानू. झाडूचा आसा."

तिने हे मुद्दाम केलं की चुकून, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी तिच्या मनात शिरले नव्हते. मुद्दाम केलं असेल तर चांगलं केलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

चौकशी झाली. मोठ्या साहेबांनी चिठ्ठी कचेरीतल्या कारकुनाला वाचायला दिली. तो म्हणाला, "मोठं करा असं लिहिलंय." दुसरा कारकून म्हणाला, "फोडा असाही अर्थ होतो, साहेब. माझी आई तसंच म्हणते." शब्दकोश आणला. त्यात दोन्ही निघालं. व्हरांड्यात माणसं जमली होती, सगळी मराठी, तोंडात रुमाल घालून हसत होती.

बिवलकर टेबलावर मूठ आपटत होता. "वाढवा म्हणजे वाढवा! हिला माहीत होतं!"

सरूबाई म्हणाली, "माजो घोव मेलो तेव्हा माजी काकणां वाढवल्यानी, सायबानू. ती मोठी झाली काय?"

तिला काही शिक्षा झाली नाही. व्हायचं कारणच नव्हतं.

तरी त्याने सभेत निबंध वाचला. नाव छापून झालेलं होतं, आणि माघार घ्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याच्या मराठीला टाळ्या पडल्या. मग लोकांनी जंतू मागितला. पत्रं यायला लागली, नळी पाठवा, आम्हीही करून बघतो. त्याच्याकडे पाठवायला काही नव्हतं. हळूहळू कुजबूज सुरू झाली की जंतू कधी नव्हताच. प्रधानला विचारलं तर तो म्हणाला, "मला कपाटाची किल्ली नव्हती. मी काही पाहिलेलं नाही." खरंच बोलला.

तेव्हा बिवलकर आमच्या खोलीत आला. शनिवार नव्हता. दारात उभा राहून म्हणाला, "सरूबाई."

ती नळ्या पुसत राहिली.

"तुम्ही पाहिलं होतंत. ते खळं. तुम्हीच नाव दिलंत. मोठ्या साहेबांना एवढंच सांगा."

तिने नळी उजेडात धरली, फुंकर मारली. "बुरशीक काय दिसता, सायबानू?"

सोनाबाई म्हणाली, "मी सांगेन." मीही म्हटलं, मी सांगेन. दया वगैरे काही नव्हती. पाहिलं होतं, म्हणून सांगायचं. आम्ही दोघी त्याच्यामागून मोठ्या साहेबांकडे गेलो. सोनाबाईने सगळं नीट सांगितलं, बशी कशी होती, कडं केवढं होतं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग आमच्यावरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाले, "डॉक्टर, आपही तो कहते थे, इन औरतों को डिश और मिट्टी में फरक नहीं समझता."

बिवलकर दाराकडे वळला. बाहेर आल्यावर आमच्याकडे न बघता निघून गेला. आभार मानायची त्याला सवय नव्हती, आणि आम्हाला अपेक्षा नव्हती.

पुढच्या काही महिन्यांत त्याने नोकरी सोडली, की सोडायला लावली. सरूबाई पेन्शनीपर्यंत राहिली. खोलीत काच वाढली की वाढली म्हणायची, आणि मग मोठ्याने हसायची. तिचं ते हसू मलाही आवडत नसे.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते नंतर काही वर्षांनी. नवऱ्याचा डबा द्यायला मी लोअर परळला गेले होते. गिरणीच्या भिंतीबाहेर, त्या गरम पाण्याच्या गटाराशी तो उकिडवा बसला होता. तोच कोट, आता इस्त्री नसलेला. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात काचेची झाकणबशी. चमच्याने चिखल बशीत घेत होता. गेटावरचा भय्या ओरडला, "ऐ बुड्ढे, फिर आ गया? उठ!" म्हणजे रोजचंच असणार.

मी म्हटलं, "डॉक्टर."

त्याने वर पाहिलं. ओळखायला थोडा वेळ लागला. "कॉकस," म्हणाला. उठायला गेला, पाय घसरला, बशी हातातून सुटली आणि गटाराच्या दगडावर आपटली. चिखल पाण्यात गेला. तो तुकड्यांकडे बघत राहिला. मग अगदी हळू, कुणीही म्हणायला लावलेलं नसताना म्हणाला, "वाढली."

मी म्हटलं, "फुटली, डॉक्टर."

भोंगा झाला. मी डबा घेऊन गेटाकडे गेले.